दोन हजार रुपयांची सुटका

रखमाबाईंची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणींनी शाळेत किंवा कुठल्यातरी व्याख्यानात ऐकलेली असते. लहानपणी लग्न झालं, नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं, कोर्टात गाजावाजा झाला, शेवटी व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून लग्न मोडून दिलं, मग त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. ऐकायला छान वाटतं. पण यातला राणीचा भाग खरा नाही. राणीने लग्न मोडलं नाही, कोर्टानेही मोडलं नाही. खरं म्हणजे ते लग्न कधी मोडलंच नाही. रखमाबाई दावा हरल्या होत्या आणि जिंकलेल्या पक्षाला खर्चापोटी २,००० रुपये देऊन त्यांनी आपली सुटका करून घेतली.

मी स्वतः दिवाणी कोर्टात वकिली करते. त्यामुळे असेल, पण मला या बाईच्या आयुष्यातली ही रुक्ष, पैशाची बाजूच जास्त विचार करायला लावते. दाव्याचा खर्च ही कागदावरची शेवटची ओळ. खर्चासह मंजूर, खर्चासह नामंजूर किंवा ज्याने त्याने आपापला खर्च सोसावा. निकाल ऐकताना तिकडे कुणाचं लक्षही नसतं. रखमाबाईंचं पुढचं सगळं आयुष्य मात्र या ओळीवर उभं राहिलं.

रखमाचा जन्म मुंबईतला, २२ नोव्हेंबर १८६४ चा. घर पाचकळशी समाजातलं. आई जयंतीबाई. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी ही मुलगी आणि सतराव्या वर्षी वैधव्य! वडील जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा रखमा जेमतेम अडीच वर्षांची होती. त्यांच्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती, म्हणून जयंतीबाईंचं सहा वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न झालं. तेही विधुर होते. हे लग्न करण्याआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिला फार महत्त्व येतं.

सखाराम अर्जुन हे मोठे गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत हिंदी माणसं दोनच, त्यातले एक हे. असा सावत्र बाप मिळायला भाग्य लागतं. पण एवढा शिकलेला माणूसही समाजाच्या दडपणापुढे नमलाच. अकराव्या वर्षी रखमाचं लग्न लावून देण्यात आलं. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, परिस्थितीने गरीब. ठरलं असं, की दादाजींनी घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं आणि चांगला माणूस व्हायचं.

दादाजींना शाळा काही मानवली नाही. काही दिवसांनी ते मामाच्या, नारायण धुरमाजींच्या घरी राहायला गेले. पुढे आजारपण आलं आणि कर्जही झालं. इकडे रखमा आईवडिलांकडेच वाढत होती. शाळा सुटली होती, पण फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून ती घरीच वाचत होती, इंग्रजी शिकत होती. प्रार्थना समाज, आर्य महिला समाज अशा ठिकाणी आईबरोबर जात-येत होती. एका घरात दिवा मोठा होत होता आणि दुसऱ्या घरात वात विझत चालली होती, असं म्हणायला हरकत नाही. सखाराम अर्जुनांनी मुलीला वयात आल्याबरोबर सासरी लोटलं नाही, ही त्यांच्या नमण्याची त्यांनीच केलेली भरपाई असावी असं मला वाटतं.

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या सॉलिसिटरांचं पत्र आलं: बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाईंनी नकार दिला. कारणं पुढे कोर्टात आली ती अशी, की नवऱ्याला पोट भरण्याची ऐपत नाही, प्रकृती धड नाही आणि ज्या घरात जायचं ते घर चांगल्या चालीचं नाही. पण त्यामागे आणखी एक कारण होतं आणि ते ऐकून लोक खवळले. अकराव्या वर्षी मला न विचारता लावलेलं लग्न मला बांधील नाही, असं ही बाई सांगत होती. १८८४ साली!

दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. या दाव्याचं कायद्यातलं नाव वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना, आपल्या भाषेत नांदवण्याचा दावा. गंमत अशी की हा ना हिंदू धर्मशास्त्रातला, ना इथल्या रूढीतला. इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टातून तो आपल्याकडे आला. खुद्द इंग्लंडमध्ये अशा हुकमासाठी तुरुंगात टाकायची तरतूद १८८४ मध्येच रद्द झाली होती. आपल्याकडे मात्र १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती शाबूत होती. जुनं झालेलं त्यांनी टाकलं आणि आपण ते जपून ठेवलं.

सुनावणीआधीच घरावर आघात झाला. एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. घरातला कर्ता आधार गेला आणि कोर्टाचा मीटर सुरू झाला. त्या काळच्या मुंबई हायकोर्टातला दावा म्हणजे दुहेरी खर्च. सॉलिसिटर वेगळा आणि त्याने नेमलेला बॅरिस्टर किंवा वकील वेगळा, दोघांची फी स्वतंत्र. (ही दुहेरी पद्धत मुंबईत १९७० च्या दशकापर्यंत चालली.) रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिलेले वकील तोलामोलाचे, त्यांत काशिनाथ त्रिंबक तेलंगही होते. अशा वेळी आईने नावावर करून दिलेल्या त्या मालमत्तेचा अर्थ कळतो. नावावर काही नसलेली मुलगी पहिल्या नोटिशीलाच मान खाली घालून सासरी गेली असती आणि तिचं नाव आज कुणाला माहीतही नसतं. तशा किती गेल्या असतील, याची मोजदाद कोण ठेवणार?

विरोधी बाजूही याच मालमत्तेकडे बोट दाखवत होती. मुलीची इस्टेट हातची जाऊ नये म्हणून माहेरचे तिला अडवून धरतात, असा दादाजींचा आरोप होता. रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं बरोबर उलट, नवऱ्याचा डोळाच इस्टेटीवर आहे. कोर्टात नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं की दोन्ही बाजूंना पैसाच कसा दिसतो, हे मी रोज पाहते. सव्वाशेहून जास्त वर्षांत त्यात फार फरक पडलेला नाही.

१८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांच्यापुढे प्रकरण निघालं. त्यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जे कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांची पुनर्स्थापना कसली करायची? आणि मोठ्या वयाच्या बाईला, जणू ती एखादं जनावर आहे अशा रीतीने, नको असलेल्या माणसाच्या हवाली करणं त्यांच्या बुद्धीला पटेना. त्याच उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात टाइम्स ऑफ इंडियात एक हिंदू स्त्री या टोपणनावाने पत्रं येत होती. एक बालविवाहावर होतं, एक विधवांच्या सक्तीच्या वैधव्यावर. ती लिहिणाऱ्या बाई म्हणजे याच, हे पुढे उघड झालं.

निकालावर जल्लोषही झाला आणि गहजबही. पहिल्या कोर्टात जिंकलेल्या माणसाला मी नेहमी सांगते, पेढे थोडे थांबून वाटा. कारण अपील झालं की निकालाबरोबर खर्चाचं पारडंही फिरू शकतं. आज जो खर्च तुम्हाला मिळायचा तो उद्या तुम्हालाच द्यावा लागतो. इथे तेच झालं. दादाजींनी अपील केलं आणि मार्च १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला. हिंदू विवाह लागला की लागला, एकत्र राहिले की नाही हा प्रश्नच नाही, असं ठरलं आणि दावा पुन्हा सुनावणीला खाली आला.

आता न्यायमूर्ती फॅरन. तारीख ४ मार्च १८८७. त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या होत्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेली ती पोर रुग्ण तपासायच्या आधीच संपली. त्याच आठवड्यात मुंबईतल्या या दुसऱ्या मुलीला कोर्टाने बजावलं, एका महिन्यात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पसंत असल्याचं कळवलं. गिरगावात, पुण्यात, कलकत्त्यात, पार लंडनच्या वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये त्यांचं स्वतःचं पत्र छापून आलं. मॅक्समुल्लरसारख्या पंडितानेही लेखणी उचलली. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या, त्यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याबद्दल लिहिलं.

इकडे केसरी आणि मराठामधून टिळकांनी रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. हे लिहायला कुणाला अवघड वाटतं, मला वाटत नाही. टिळकांचं मोठेपण त्यामुळे कमी होत नाही आणि रखमाबाईंना जे सोसावं लागलं तेही कमी होत नाही. इंग्रजी शिकवल्याने मुली बिघडतात, हिंदू धर्मात परक्यांनी हात घालू नये, असा तो सूर होता. परक्यांचा कायदा वापरून बाईला तुरुंगात घालायला मात्र धर्म आड येत नव्हता, ही विसंगती तेव्हाही काहींनी दाखवून दिली होती.

रखमाबाईंच्या मदतीला बेहरामजी मलबारी होते, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्स्वर्थ होते. बचाव समिती स्थापन झाली. पण लोकांची सहानुभूती एक आणि कोर्टातली बिलं दुसरी. वर अपिलाची वाट होती, त्याही वर लंडनची प्रिव्ही कौन्सिल. तिथे जायचं तर खर्चाला अंत नाही. आणि तिथेही हरलं तर समोरच्याचा तिथपर्यंतचा सगळा खर्च आपल्या डोक्यावर. दादाजींनाही हे ओझं होतंच. हुकूमनामा हातात होता खरा, पण त्याची अंमलबजावणी म्हणजे बायकोला तुरुंगात पाठवणं. त्याने बायको घरी येत नव्हती आणि वकिलांची देणीही फिटत नव्हती.

म्हणून जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाईंच्या बाजूने २,००० रुपये द्यायचे, दादाजींनी ते दाव्याच्या सगळ्या खर्चापोटी घ्यायचे आणि हुकूमनाम्याची बजावणी करायची नाही. चार वर्षं देश ढवळून काढणारं प्रकरण एका पावतीवर मिटलं.

ही तडजोड वाचून पहिल्यांदा मला रागच आला होता. जिला न विचारता बांधलं, तिनेच बांधणाऱ्याचा वकिलाचा खर्च द्यायचा? पण वकील म्हणून पाहिलं तर तिच्या सल्लागारांनी नेमकी गाठ हेरली होती असं दिसतं. धर्माच्या, रूढीच्या, हक्काच्या प्रश्नावर दादाजी एक पाऊल मागे येणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्यामागे अख्खा सनातनी समाज उभा होता. खर्चाच्या प्रश्नावर मात्र माणूस मागे येऊ शकतो. त्यात त्याची अब्रू जात नाही. दावा मीच जिंकलो, माझा खर्च वसूल झाला, असं तो चारचौघांत सांगू शकतो. आणि ती तुरुंगातही जात नाही, सासरीही जात नाही.

आजच्या बायकांना यातलं काय लागू पडतं, असं कुणी विचारेल. थोडक्यात सांगते. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ हेच सांगतं, की साधारणपणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. देऊ नये असं कोर्टाला वाटलं तर तशी कारणं लिहावी लागतात. पण मंजूर होणारा खर्च आणि खिशातून गेलेला खर्च यांची भेट क्वचितच होते. हुकूमनाम्यात कोर्ट फी, समन्सचा खर्च आणि नियमात बसेल तेवढीच वकील फी धरली जाते. तुमच्या फेऱ्या, बुडालेला रोज, झेरॉक्स, रात्रीची झोप यांचा कुठेच हिशेब नसतो. समोरच्याने मुद्दाम खोटा दावा घातला असेल तर कलम ३५-अ आहे, पण त्याची कमाल मर्यादा ३,००० रुपये! सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात खर्च वास्तवाला धरून द्या असं बजावलं होतं, २०११ मध्येही या तुटपुंज्या मर्यादेकडे लक्ष वेधलं. आणि मंजूर झालेला खर्चही समोरच्याने आपणहून दिला नाही, तर त्यासाठी पुन्हा दरखास्त लावायची.

बायकांच्या सोयीच्या दोन-तीन गोष्टी मात्र रखमाबाईंच्या वेळी नव्हत्या, त्या आज आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली, स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसेल तर दावा चालू असतानाच पोटगीबरोबर कोर्टाचा खर्चही जोडीदाराकडून मागता येतो. (हे कलम नवऱ्यालाही लागू आहे बरं का, नुसतं बायकांनाच नाही.) १९८७ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी, म्हणजे खर्चाची रक्कम थकली म्हणूनही, बाईला अटक करता येत नाही, ते कलम ५६. अर्ज न केल्यामुळे मिळणारा खर्च हातचा घालवणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. मागायची लाज वाटते म्हणे.

असो. रखमाबाईंकडे वळूया. २,००० रुपयांत त्यांना काय मिळालं आणि काय नाही? तुरुंग टळला, सासर टळलं. घटस्फोट मिळाला नाही, कारण हिंदू बाईसाठी तसा कायदाच नव्हता. दादाजींनी पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, दुसरं लग्न केलं. पुरुषाला ती मुभा होती. रखमाबाई मात्र कायद्याच्या लेखी त्यांच्याच पत्नी राहिल्या. खर्च देणारी बांधलेली आणि खर्च घेणारा मोकळा.

त्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीकडे वळायला धीर दिला, निधी जमवायलाही मदत केली. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकून त्या १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या आणि सुरत व नंतर राजकोट मिळून पस्तीसेक वर्षं त्यांनी नोकरी केली. बाळंतपणात दगावणाऱ्या बायका, पडद्यातून बाहेर न येणाऱ्या बायका, नवऱ्याच्या परवानगीशिवाय औषध न घेणाऱ्या बायका. ज्या घरातून त्या निसटल्या होत्या, तशाच घरांतल्या या सगळ्या. हिंदुस्थानात प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते.

१९०४ मध्ये दादाजी वारले. तेव्हापासून रखमाबाई विधवेसारखं पांढरं लुगडं नेसू लागल्या, असं त्यांच्याबद्दल सांगतात. अनेकांना हे खटकतं. ज्या लग्नाशी आयुष्यभर भांडल्या, त्याचंच वैधव्य कशाला पाळायचं? मला वाटतं, बाईमाणसाच्या अशा वागण्याचा अर्थ लावायला इतरांनी घाई करू नये. सुरतेत बाळंतपणाला बोलावणाऱ्या घरांनी डॉक्टरीणबाईंच्या कपाळाकडे पाहिलं नसेल असं थोडंच आहे? पुन्हा लग्न त्यांनी केलं नाही.

निवृत्तीनंतर त्या मुंबईला आल्या. पडदापद्धत बंद करावी म्हणून १९२९ मध्ये त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. आपल्या खटल्याचा डांगोरा मात्र कधी पिटला नाही. त्यांच्या हयातीतच कायदा हळूहळू सरकला. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा होऊन वय दहावरून बारा झालं. १९२३ मध्ये नांदायला न जाण्याबद्दलचा तुरुंगवास रद्द झाला. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोट मिळू लागला. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा देशभर आला आणि जे १८८८ मध्ये पैसे मोजूनही मिळालं नव्हतं ते अर्ज करून मिळायची सोय झाली. त्या कायद्यातही कलम ९ आहेच, नांदवण्याच्या दाव्याचं. आंध्रच्या उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुन्हा वैध ठरवलं.

कायदा आल्यावर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांच्या रखमाबाई गेल्या.